सगळ्यात मागच्या माणसाच्या चालीनं

मँचेस्टर, ऑक्टोबर

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

फोनवर केसिकचा विषय काढला की बाबा "बरं बरं, जपून जा" म्हणून फोन आईकडे देतात, आणि आई जेवणाचं विचारते. तेवढ्यात माझं सांगायचं राहूनच जातं. म्हणून आज कागद घेऊन बसले आहे. आमच्या चालण्याच्या क्लबची सहल नुकतीच झाली, तिथलं सगळं नीट सांगायचंय, आणि तुमच्याकडे एक मागायचंही आहे.

केसिक हे इंग्लंडच्या उत्तरेला, कंब्रियात, डर्वेंटवॉटर नावाच्या तळ्याकाठचं छोटं गाव. तळं साधारण पाच किलोमीटर लांब आणि दीड किलोमीटर रुंद. आपल्या धोमसारखं बांध घालून अडवलेलं पाणी नाही हे, हिमयुगात हिमनद्यांनी कोरलेल्या दरीत आपसूक साचलेलं आहे. मध्ये चार झाडीभरली बेटं आहेत. त्यातल्या एकावर सातव्या शतकात हर्बर्ट नावाचा साधू एकटा राहायचा, ते बेट अजून त्याच्याच नावानं ओळखतात. सभोवती डोंगर. बाबा, उंची ऐकून तुम्हाला नवल वाटेल, कारण इंग्लंडचं सर्वांत उंच शिखर स्कॉफेल पाइक अवघं ९७८ मीटर, आणि आपली कळसूबाई १६४६. पण हे डोंगर थेट पाण्याच्या काठापासून चढायला लागतात, झाडं खालीच थांबतात आणि वर नुसतं गवत, कातळ आणि वारा. त्यामुळे खालून पाहताना ते आहेत त्याहून उंच वाटतात.

गावात भर चौकात मूट हॉल नावाची १८१३ सालची इमारत आहे. तिच्या मनोऱ्यावरच्या घड्याळाला एकच काटा, फक्त तासाचा. मिनिटांचा हिशोब आपण अंदाजानं करायचा. शनिवारी त्याच्याभोवती बाजार भरतो. आई, चीज, लोकरीचे मोजे, मध, सगळं होतं तिथे. तुझ्यासाठी मोजे घेतलेत.

आता क्लबचं सांगते, कारण खरं सांगायचंय ते तेच.

आमच्यात तिशीपासून ऐंशीपर्यंतचे लोक आहेत. सहलीत रोज तीन वाटा ठरलेल्या असतात: एक लांब आणि चढाची, एक मधली, एक सोपी. सकाळी नाश्त्याच्या वेळी ज्यानं त्यानं आपलं नाव लिहायचं, आणि सोपीत नाव लिहिलं म्हणून कुणी काही म्हणत नाही. काल चढून आलेला माणूस आज गुडघा दुखतो म्हणून तळ्याकाठच्या वाटेला येतो, आणि संध्याकाळी सगळे एकाच टेबलावर बसतात. प्रत्येक वाटेचा लीडर ती वाट आधी स्वतः चालून आलेला असतो. कुठे चिखल आहे, बसायला जागा कुठे, स्वच्छतागृह कुठे, अर्ध्यातून परतायचं झालं तर बस कुठे मिळेल, हे त्याला ठाऊक असतं. एक जण कायम सगळ्यांच्या मागे चालतो, त्याच्या मागे कुणी राहायचं नाही. पुढचे थांबले की मागचे येईपर्यंत वाट पाहतात. आणि मागचा पोचला म्हणून लगेच निघायचं नाही. तो पाणी पिणार, त्याचा दम परत येणार, मगच सगळे उठणार.

बाबा, हा नियम मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला तुम्हीच दिसलात. शाळेची सहल पांडवगडावर न्यायचात तेव्हा तुम्ही शेवटच्या मुलाच्या मागे असायचात, त्याची पिशवी तुमच्या खांद्यावर. पुढे पळणाऱ्यांना खालून हाक मारून थांबवायचात. तुम्ही हे कुणाकडून शिकला होतात ते मला माहीत नाही, पण इकडे लोक तेच करतात.

तुमच्यासाठी एक गणितही आणलंय. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये एक सूत्र मांडलं, ते अजून वापरतात. सपाटीवर ताशी पाच किलोमीटर धरायचे, आणि दर ६०० मीटर चढाला एक तास वाढवायचा. शनिवारी आम्ही तळ्याकाठच्या कॅटबेल्स नावाच्या डोंगरावर गेलो. माथा ४५१ मीटरवर, तळ्याचं पाणी सुमारे ७५ मीटरवर, म्हणजे चढ पावणेचारशे मीटर. होडीच्या धक्क्यापासून अंतर दोनेक किलोमीटर. सूत्रानं उत्तर येतं साधारण एक तास. आमची लीडर मात्र कागदावर त्याच्या जवळजवळ दुप्पट लिहून आली होती. म्हणाली, सूत्र धडधाकट माणसाचं आहे, मी माझ्या माणसांचं लिहिते. मला ते फार आवडलं.

सुरुवात लाकडी होडीनं. या होड्या तळ्याभोवती बससारख्या फिरतात, काही उजवीकडून, काही डावीकडून, आणि धक्क्याधक्क्यावर माणसं घेत-सोडत जातात. हॉज एंडला उतरलो आणि चढ लागला. वाट सोंडेवरून जाते, दोन ठिकाणी हात लावून कातळ चढावा लागतो, आणि इतक्या पायांनी तो गुळगुळीत झालाय की ओल असली की जपावं लागतं. वाटेत नेचे गंजाच्या रंगाचे झाले होते. माथ्यावरून एका बाजूला सगळं तळं आणि त्यापलीकडे गाव, त्यामागे स्किडॉचा डोंगर, दुसऱ्या बाजूला न्यूलँड्सची हिरवी दरी, तिच्यात दगडी कुंपणांच्या रेघा. पाऊस आला, गेला, परत आला. तळ्याच्या दक्षिणेला, बॉरोडेलच्या दरीच्या टोकाला सीथवेट नावाची वस्ती आहे, इंग्लंडमधली सर्वांत जास्त पावसाची. त्यामुळे पावसाला इथे कुणी अडचण मानत नाही, पिशवीतून जाकीट निघतं आणि चालणं चालूच राहतं.

माथ्यावर सगळ्यांनी केंडल मिंट केक काढला. नावात केक आहे, पण ती साखरेची पुदिन्याच्या अर्काची वडी. १९५३ साली एव्हरेस्टवर हिलरी आणि तेनसिंग यांच्याबरोबर तीच होती. मी तुझी शेंगदाण्याची चिक्की वाटली, आई, आणि डबा रिकामा झाला.

मेंढ्यांचं तुला सांगायलाच हवं. इथली जात हर्डविक. कोकरू जन्मतं ते काळंभोर, मग तपकिरी होतं, आणि वय वाढेल तशी लोकर करडी, चेहरा पांढरा. वर डोंगरावर कुंपण नसतं, तरी प्रत्येक कळप आपापल्याच भागात चरतो. कुठवर जायचं ते आई कोकराला सोबत हिंडवून शिकवते, आणि ते शिक्षण पिढ्यानुपिढ्या उतरत आलंय. म्हणून शेत विकलं तरी कळप बहुधा त्या जमिनीबरोबरच राहतो.

रविवारी मी मुद्दाम सोप्या वाटेत नाव लिहिलं.

आमच्यात एक बाई होत्या ऐंशीच्या जवळच्या, दोन्ही हातांत काठ्या, खुबा बदललेला. गुडघे बदललेले आणखी दोघं-तिघं. गावातून तळ्याकाठानं फ्रायर्स क्रॅगपर्यंत गेलो. रुंद, सपाट वाट, जागोजागी बाक. तो कातळ पाण्यात पुढे आलेला आहे, तिथून सगळं तळं आणि टोकाची बॉरोडेलची दरी दिसते. मग होडीनं ब्रँडलहाऊच्या राईत गेलो आणि काठाकाठानं झाडांखालून चाललो. बाई दर वीस मिनिटांनी बसायच्या, आम्हीही बसायचो. त्यांच्यामुळे मला ती राई नीट दिसली, एरवी मी भराभर चालत सुटले असते.

त्या राईची गोष्ट ऐका. १८९५ मध्ये तिघांनी नॅशनल ट्रस्ट ही संस्था काढली, सगळ्यांसाठी जमिनी आणि वास्तू राखायला. त्यातले एक हार्डविक रॉन्सली इथल्याच क्रॉस्थवेटच्या चर्चचे पाद्री, दुसऱ्या ऑक्टाव्हिया हिल, लंडनमध्ये गरिबांच्या घरांसाठी आयुष्य घालवलेल्या. ब्रँडलहाऊची १०८ एकर जमीन विकायला निघाली, आणि तिथे बंगले उठले असते तर काठ सामान्य माणसाला कायमचा बंद झाला असता. लोकांकडून वर्गणी काढून साडेसहा हजार पौंड उभे केले आणि १९०२ मध्ये ती जमीन सर्वांसाठी खुली झाली. शेफिल्डच्या एका कारखान्यातल्या कामगारानं अडीच शिलिंग पाठवले होते. सोबत लिहिलं होतं की हा मुलूख बघायची जन्मभर इच्छा होती, आता काही बघणं होणार नाही, पण दुसऱ्यांसाठी राखायला माझाही हातभार असावा. त्याच अडीच शिलिंगांच्या जमिनीवर बसून आम्ही डबे खाल्ले. तो माणूस माझ्या डोक्यातून जात नाही.

बाबा, तुम्हाला आणखी एक आवडेल. इथल्या डोंगरांची मालकी पुष्कळदा खासगी असते, तरी पाऊलवाटेचा हक्क सगळ्यांचा. हे फुकट मिळालेलं नाही. आमच्या मँचेस्टरजवळ किंडर स्काउट नावाचं पठार आहे. तिथे जमीनदार शिकारीचे पक्षी राखायचे आणि कुणाला पाऊल ठेवू द्यायचे नाहीत. २४ एप्रिल १९३२ ला गिरणी-कारखान्यांतली शेकडो पोरं मुद्दाम तिथे चढून गेली. पुढारी बेनी रॉथमन, वय २० वर्षं. पाच जणांना तुरुंगवास झाला, रॉथमनला चार महिने. पुढे १९४९ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा आला, आणि मोकळ्या डोंगराळ माळावर हिंडायचा हक्क २००० सालच्या कायद्यानं मिळाला. आम्ही रविवारी सहज फाटक उघडून जातो त्यामागे हे सगळं आहे.

आता मागणं.

बाबा, तुमच्या गुडघ्याचं ऑपरेशन चांगलं झालं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, फिजिओथेरपिस्टनं व्यायाम लिहून दिले. तरी तुम्ही अंगणातल्या अंगणात फिरता आणि "आता काय राहिलंय" म्हणता. ते वाक्य फोनवर ऐकलं की मला रात्री झोप लागत नाही. पूर्वीसारखं झपझप चालता येणार नसेल तर चालायचंच नाही, असं तुमच्या मनात आहे का? दुसऱ्या कुणाच्या मुलासाठी तुम्ही अर्धा-अर्धा तास उन्हात थांबलात. स्वतःसाठी का नाही थांबत?

आणि आई, तुझ्याबद्दल बोलायचं तर आम्हा सगळ्यांचंच राहून गेलं. पांडवगडाच्या सहलीच्या दिवशी पहाटे चारला उठून तू पोळ्या लाटायचीस, आम्ही सगळे चढून यायचो, आणि तू एकदाही वर आली नाहीस. तुला कुणी ये म्हटलं नाही, आणि तूही विचारलं नाहीस. आता बाबा बाहेर पडत नाहीत म्हणून तुझं संध्याकाळचं गणपती घाटापर्यंतचं फिरणंही बंद. आमच्या क्लबात तुझ्या वयाच्या किती बायका आहेत, आणि त्यातल्या काही जणी साठीनंतर पहिल्यांदा डोंगर चढल्या. त्यांच्यातली प्रत्येक जण दिसली की मला तू आठवतेस.

केसिकच्या डोक्यावर लॅट्रिग नावाची टेकडी आहे, ३६८ मीटर. तिच्या मागच्या अंगाला वरपर्यंत गाडी जाते, आणि तिथून माथ्याजवळच्या कड्यापर्यंत सारख्या हलक्या चढाची, खडी दाबून बसवलेली वाट केली आहे. वाटेत ओलांडायच्या पायऱ्या नाहीत, चाकाची खुर्चीसुद्धा जाते. तिथून खाली सगळं गाव, सगळं तळं, समोर कॅटबेल्स. आई, तुझा पहिला डोंगर तो. गावातून थ्रेल्केल्डपर्यंत जुन्या रेल्वेमार्गाची सपाट वाटही आहे. गाडी १९७२ ला बंद पडली, २०१५ च्या वादळात वाटेवरचे पूल वाहून गेले, ते परत बांधून २०२० च्या डिसेंबरात वाट सुरू केली. ग्रेटा नदीच्या बाजूनं जाते. बाबांना ती आवडेल.

मे महिन्यात या. वाईत ऊन तापलेलं असेल, इथे रात्री नऊपर्यंत उजेड असतो आणि काळी कोकरं डोंगरावर आलेली असतात. व्हिसाचे कागद, विमा, तिकिटं सगळं माझ्याकडे. क्लबच्या लीडरशी मी बोलले आहे, सोप्या वाटेला पाहुणे चालतात.

तोवर सात महिने आहेत. उद्यापासून दोघांनी मिळून ढोल्या गणपतीपर्यंत जायचं, पायरीवर बसायचं, दम परत आला की घरी. महिन्याभरानं पूल ओलांडून पलीकडे. संक्रांतीपर्यंत मेणवलीच्या रस्त्याला लागायचं, जमेल तिथून परत फिरायचं. बाबा, किती वेळ लागला ते वहीत लिहा आणि नेस्मिथसारखं तुमचं स्वतःचं सूत्र काढा. आई मागे राहिली तर थांबा, तुम्ही मागे राहिलात तर ती थांबेल. दर रविवारी फोनवर मी वहीतले आकडे विचारणार आहे.

दिवाळीला येता येत नाही याचं वाईट वाटतंय. फराळ पाठवायची धडपड करू नका, इथे मिळतो.

तुमची,
लेक

ता. क. कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलीनं कडा काढा आणि फोटो पाठवा, दोघांचाही. संध्याकाळी काढा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात आणि बुटाचं माप बरोबर येतं. चालायचे बूट मी इथून घेऊन कुणाबरोबर तरी पाठवते, म्हणजे मेपर्यंत ते पायात रुळतील.