एमजीबीत व्ही-8 बसवून देणाऱ्या वस्तादांचे जाहीर आभार

आदरणीय वस्ताद,

साष्टांग नमस्कार विनंती विशेष.

माझ्या 1972 सालच्या एमजीबी जीटी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीमध्ये मूळच्या 1798 सीसी इंजिनाच्या जागी रोव्हरचे साडेतीन लिटरचे, आठ सिलिंडरांचे व्ही-8 इंजिन बसवण्याचे काम आपल्या देखरेखीखाली पूर्ण झाले, त्याबद्दल मी आपला मनापासून आभारी आहे. हेच काम हाती घेऊ पाहणाऱ्यांनाही उपयोग व्हावा, म्हणून हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे.

खुद्द कंपनीने 1973 ते 1976 या काळात एमजीबी जीटी व्ही-8 बनवली होती आणि मुळात ब्यूक या अमेरिकन कंपनीचे असलेले हे इंजिन अॅल्युमिनियमचे असल्याने गाडीच्या पुढच्या भागावर फारसा जादा भार पडत नाही, एवढ्या माहितीवर मी आपल्याकडे आलो. आपण मात्र इंजिनाची ताकद किती, हे विचारलेच नाही. एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्या) आणि स्टिअरिंगचा दांडा यांच्यामध्ये किती जागा उरेल आणि बॉनेट बंद होईल का, एवढेच विचारत राहिलात. पूर्ण इंजिन उचलण्याआधी रिकामा ब्लॉक, हेड आणि मॅनिफोल्ड जागेवर धरून पाहण्याचा आग्रहही आपलाच. कार्ब्युरेटरांवर मातीचे बोटभर गोळे ठेवून आपण बॉनेट अलगद मिटलेत आणि उघडल्यावर चपटलेल्या मातीत टाचणी खुपसून जाडी मोजलीत. एका बाजूला माती जेमतेम कागदाएवढी उरली होती. गाडी उभी असताना तेवढे अंतर पुरले असते, पण जोर पडला की इंजिन फाउंडेशनच्या, म्हणजे ज्यावर ते टेकते त्या बैठकीच्या, रबरावर डोलते आणि मग पत्रा घासणारच, हे आपण तिथल्या तिथे दाखवलेत. कंपनीने याच अडचणीमुळे दोन्ही कार्ब्युरेटर मागच्या बाजूला नेले होते. आपणही तोच मार्ग धरलात.

क्राऊन-पिनियन, म्हणजे मागच्या अॅक्सलमधली दातेरी चक्रांची जोडी, बदलण्याचा आपला सल्ला मला तितकाच मोलाचा वाटतो. जुने 3.9 चे गुणोत्तर तसेच ठेवले असते, तर एवढे जोरकस इंजिन मोकळ्या रस्त्यावर विनाकारण चढ्या फेऱ्यांत फिरत राहिले असते, 3.07 वर ते निवांत चालते. पुढचे ब्रेक वाढवल्याशिवाय चावी मिळणार नाही, हेही आपण ठणकावून सांगितलेत.

एका लहानशा पट्टीचा उल्लेख मुद्दाम करतो. रबरी फाउंडेशनवर बसलेले इंजिन बॉडीपासून विजेच्या दृष्टीने तुटलेले असते, त्यामुळे दोन्हींना जोडणारी अर्थिंगची जाड पट्टी राहून गेली, तर स्टार्टरचा सारा प्रवाह थ्रॉटल किंवा चोकच्या केबलमधून वाट काढतो आणि ती जाळतो. पहिल्यांदा स्टार्टर मारण्याआधी आपण माझा हात थांबवलात, वाकून त्या पट्टीचे दोन्ही बोल्ट स्वतः आवळून पाहिलेत, आणि मगच मान हलवलीत.

फाउंडेशनच्या ब्रॅकेटांचे आपण पुठ्ठ्यावर कापलेले नमुने मी जपून ठेवले आहेत. अशाच जुन्या एमजीबीचे एक मालक ते मागत आहेत. आपली हरकत नसेल, तर त्यांना ते उतरवून घेऊ द्यावेत म्हणतो. मापांत काही फेरफार सुचवायचा असल्यास कृपया कळवावे.

आपला ऋणी,
एमजीबीचा मालक