हवेचा आकडा मोजता, मग तब्येतही मोजा

मा. संपादक,

थंडी सुरू झाली की पेपरात रोज हवेचा आकडा येतो, नव्वद-पंच्याण्णव दिसला की लोक 'आज बरी आहे हवा' म्हणत वॉकला जातात. पण हा आकडा, म्हणजे एक्यूआय (हवा गुणवत्ता निर्देशांक), ठरतो कसा ते बघा. पीएम २.५, म्हणजे फुफ्फुसात खोलवर जाणारी बारीक धूळ, २४ तासांच्या सरासरीत घनमीटरला ६० मायक्रोग्रॅमपर्यंत असली तरी एक्यूआय शंभरच्या आत राहतो आणि शेरा मिळतो 'समाधानकारक'. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हीच पातळी १५ वर आणली, आपली २००९ पासून आहे तिथेच आहे. एक्यूआयच्या सरकारी तक्त्यात 'समाधानकारक'पुढेच असंही लिहिलंय की नाजूक तब्येतीच्या लोकांना श्वासाचा किरकोळ त्रास होऊ शकतो, मग दमेकरी, म्हातारी माणसं, लहान पोरं यांना धरलंय तरी कुठे?

दुसरं म्हणजे ही सरासरी. आमच्या बिल्डिंगमागे आरएमसी (तयार काँक्रीटचा) प्लांट आहे, सकाळी मिक्सरच्या गाड्या लाईन लावून इंजिन चालू ठेवून उभ्या असतात, गॅलरीतले कपडे झटकले तर सिमेंटची पूड उडते आणि नेमकी तेव्हाच पोरं स्कूलबससाठी खाली उभी असतात, दुपारी वारा सुटला की हवा मोकळी होते आणि २४ तासांच्या हिशोबात सकाळचे ते दोन तास कुठे दिसतच नाहीत. शिवाय एक्यूआय ही बेरीज नाही, सगळ्यात वाईट जे असेल तेवढंच दाखवतात, धूळ आणि गाड्यांचे गॅस एकत्र छातीत गेले तर काय होतं ते त्यात नाहीच.

२०१९ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात शहरांची कामगिरी जाड धूळही धरणाऱ्या पीएम १० वर बघतात, त्यामुळे सगळा जोर रस्ते धुण्यावर, जाड धूळ बसते पण धुरातली बारीक धूळ राहतेच. संसदेत विचारलं तर उत्तर येतं, फक्त प्रदूषणामुळे मृत्यू झाले असं दाखवणारी ठोस आकडेवारी नाही. अहो, पण ती गोळा केली तर असेल ना!

पालिकेच्या दवाखान्यांत रोज केस पेपर निघतात. किती जणांना नेब्युलायझर लावला, किती पोरं धाप लागून आली, हे वॉर्डवार मोजा आणि त्या दिवसाच्या हवेशेजारी मांडा, याला काही परदेशी मशीन लागत नाही. आणि तुम्हीही नुसता एक्यूआय न छापता पीएम २.५ चा आकडा आणि सकाळी सात ते नऊचं रीडिंग रोज द्यावं, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, चेंबूर