आमच्या कुत्र्यांच्या डॉक्टर मॅडमना पत्र

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

माझा राखणीचा कुत्रा बादल बरा झाल्यावर पेढे घेऊन आलो, तर तुम्ही त्यातला एकच उचललात आणि म्हणालात, "आभार राहू दे. शिकलास ते दुसऱ्या पोरांना सांग." म्हणून हे पत्र सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. सोलापूर जिल्ह्यात गोदामावर, कारखान्यावर, बंदोबस्ताला, नाहीतर रानात मेंढरांमागे कुत्रं घेऊन फिरणारी माणसं पुष्कळ आहेत. कुत्र्याला बस, ऊठ, हुंग शिकवणं आम्हाला जमतं. ते कोसळलं तर डॉक्टर भेटेपर्यंत काय करायचं, हे मात्र तुमच्याआधी आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

तुमच्या कुत्र्यांच्या प्रथमोपचाराच्या वर्गात पट्ट्या, इंजेक्शनं असं काहीतरी दाखवतील या हिशेबानं आम्ही आलो होतो. तुम्ही अख्खी सकाळ धडधाकट कुत्री तपासायला लावलीत. मांडीच्या आतल्या बाजूला बोटं ठेवून नाडी, छातीकडे बघत श्वास, शेपटी उचलून थर्मामीटर. कुत्र्याचं रोजचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, म्हणजे माणूस असता तर अंथरूण धरलं असतं. हिरडी बोटानं दाबली की पांढरी पडते, सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी व्हायला हवी. हिरड्या काळ्या असतील तर खालची पापणी ओढून आतला रंग बघायचा. माझ्या शेजारचा पोरगा कंटाळून म्हणाला, "मॅडम, हा तर ठणठणीत आहे की." तुम्ही म्हणालात, "म्हणूनच आज बघ. उद्या बिघडला तर कशाशी ताडून बघणार?" तेव्हापासून बादलची एक वही आहे. ड्यूटीआधी आणि ड्यूटीनंतरचे आकडे तीत लिहितो. सुपरवायझर हसायचे. मे महिन्यानंतर हसत नाहीत.

मे महिन्यातली ती दुपार तुम्हाला फोनवर तुटक तुटक सांगितली होती. पारा ४३ च्या पुढे, पत्र्याच्या गोदामाभोवती आमची फेरी चालू. बादलनं एकाएकी ऐकणं सोडलं. "बस" म्हटलं तरी उभाच, तोंडातून लाळेच्या तारा, मागचे पाय लटपटतायत. हिरडी विटकरी लाल. थर्मामीटरनं १०७ दाखवलं. सुपरवायझर लगेच टेम्पो घेऊन आले, "टाक मागं, चल दवाखान्यात." त्यांचंही बरोबर, कुणालाही आधी तेच सुचेल. पण दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला, आणि तुम्ही आमच्याकडून घोकून घेतलं होतं: आधी गार, मग गाडी.

नळी सोडली तर त्यातलं पहिलं पाणी चहाला चालेल इतकं कढत. ते जमिनीवर जाऊ दिलं. नळाला रोज पाणी नाही म्हणून सावलीत भरून ठेवलेली पिंपं असतात, त्याचा त्या दिवशी फायदा झाला. पोट, मांड्या, मान, सगळ्या अंगावर पाणी ओतत राहिलो आणि वॉचमनच्या खोलीतला पंखा लावला. एक पोरगा ओलं पोतं गुंडाळायला निघाला, त्याला थांबवलं. तसंच राहिलं तर ते तापतं आणि आतली उष्णता आतच कोंडते. तोंडाला पट्टीही बांधू दिली नाही. कुत्र्याला घाम येतो तो पंजांतून, तोही नावाला. धापा टाकणं हाच त्याचा कूलर, तो बंद करून कसं चालेल? १०३ ला पाणी थांबवलं, नाहीतर नंतर तापमान नको इतकं खाली जातं हे तुम्ही बजावलं होतं. मग टेम्पो, आणि निघायच्या आधी दवाखान्यात फोन.

तिथं पोचेपर्यंत बादल मान वर करून बघायला लागला होता. सुपरवायझर म्हणाले, आता बरा आहे, परत नेऊ. मी ऐकलं नाही. उष्माघातानंतर मूत्रपिंड आणि रक्त गोठण्याची क्रिया पुढच्या काही दिवसांतही बिघडू शकते, हे वर्गात ऐकलेलं डोक्यात होतं. सलाइन लागलं, रक्ततपासण्या झाल्या, त्याला दवाखान्यातच ठेवून घेतलं.

तोंडाच्या पट्टीवरून आठवलं. "दुखत असलं की आपलं कुत्रंही आपल्याला चावतं," असं म्हणून तुम्ही प्रत्येकाला गॉजची पट्टी नाकाडावर बांधायला लावलीत, आणि उलटी होत असेल किंवा श्वास अडकत असेल तर बांधायची नाही हेही दहा वेळा सांगितलंत. चावलंच तर जखम साबण-पाण्यानं पंधरा मिनिटं धुवायची आणि रेबीजच्या लसीला चालढकल करायची नाही. आमच्यातले बरेच जण चावा म्हणजे मर्दुमकीची खूण समजायचे.

नान्नजकडचे धनगर मामा आले होते ते आठवतात? त्यांच्या कुत्र्याच्या गळ्यात लांडग्यासाठी काटेरी पट्टा. तुम्ही तो हातात घेऊन आम्हाला दाखवलात आणि म्हणालात, पहिला उपचार हाच. मग त्यांनी साप चावल्यावर वर दोरी आवळून बांधतात ते सांगितलं, तेव्हा तुम्ही त्यांना न दुखावता ती सवय सोडायला लावलीत: बांधायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, कुत्र्याला चालवायचं नाही, उचलून न्यायचं. लांडग्याच्या चाव्याचं भोक वरून बारीक दिसतं आणि आत मांस फाटलेलं असतं, त्यात हळद, राख, डिझेल काही भरायचं नाही, हेही त्यांना पटलं. श्वास आणि हृदय बंद पडलेल्या कुत्र्याची छाती दाबून नाकात फुंकर मारायचं मात्र त्यांना काही केल्या पटेना! वाळूच्या पोत्यावर आम्ही मिनिटाला १०० ते १२० च्या वेगानं दाब देत होतो, ३० दाबांनंतर दोन श्वास, आणि मामा पोट धरून हसत होते. यातून वाचणारी कुत्री थोडीच, हे तुम्ही लपवलं नाहीत, ते मला आवडलं.

आमच्या खोलीत आता एक पेटी आहे: थर्मामीटर, गॉज, क्रेप पट्टी, सलाइनच्या बाटल्या, टॉर्च आणि स्ट्रेचर म्हणून एक जुनी सोलापुरी चादर. चौघांनी कोपरे धरले तर तीस किलोचं कुत्रं त्यात आरामात येतं. पॅरासिटॅमॉल कुत्र्याला घातक, म्हणून त्याची पाकिटं पेटीतून काढून टाकली. खर्च आम्हीच केला. ज्या कंपन्या कुत्र्याच्या जिवावर राखण करून घेतात त्यांनी एवढं तरी द्यावं, असं मला वाटतं. पण त्यांची वाट बघत बसण्यात अर्थ नाही.

पोट फुगून नुसत्या कोरड्या उलट्या काढणाऱ्या कुत्र्याबद्दल तुम्ही शेवटी घाईत बोललात. आमच्याकडे दोन नवे जर्मन शेफर्ड आलेत, अशा मोठ्या कुत्र्यांना तो धोका जास्त, म्हणून तेवढा भाग परत हवा आहे, सापांचाही, आणि तो पावसाळ्याआधी. जागा, पिण्याचं पाणी आणि वाळूचं पोतं माझ्याकडे. मामांना निरोप गेलाय, ते येतो म्हणालेत. रविवार तेवढा तुम्ही कळवा.

आपला,
बादलचा हँडलर
अक्कलकोट रोड, सोलापूर