पिंट्याची नळी आणि बाबांनी तेव्हा विचारलेलं

आई, बाबा,

फोनवर बाबांना नीट ऐकू येत नाही आणि आयसीयूच्या बाहेर उभं राहून मला मोठ्याने बोलता येत नाही, म्हणून लिहूनच पाठवतेय. आई, तू वाचून दाखव त्यांना.

पिंट्या अजून व्हेंटिलेटरवरच आहे, आज चौथा दिवस. मांडीत रॉड घातलाय, डोक्याचा सीटी परत केला त्यात रक्त वाढलेलं नाहीये, बीपी वाढवायची औषधं काल रात्री बंद झाली. गुंगीचं औषध चालू असल्यामुळे डोळे उघडत नाही, म्हणून घाबरू नका.

काकूचं मात्र काल फार झालं. भेटायच्या वेळेला आत आली, बघते तर तोंडात श्वासाच्या नळीशेजारी अजून एक नळी आणि तिच्यातून दुधासारखं काहीतरी चाललंय, तर ती रडायलाच लागली, शुद्ध नसलेल्या लेकराला कसलं पाजताय, ठसका लागून जाईल माझा पोर, साधा ताप आला तरी आपण लंघन करतो. ती आज तुला फोन करेल आई, तुझंच ऐकते ती, म्हणून तुला सगळं नीट माहीत पाहिजे.

लंघन तापाला ठीक असेल, पण हा एवढा मार लागलेला माणूस निपचित पडलेला दिसला तरी आतून जळत असतो गं. जखमा भरायच्या, हाड सांधायचं, इन्फेक्शनशी लढायचं, ह्या सगळ्याला शरीराला माल लागतो आणि बाहेरून मिळाला नाही की ते स्वतःचे स्नायू तोडून वापरतं. दहा दिवसांत आयसीयूतल्या पेशंटची मांडी डोळ्यांदेखत बारीक होते, मी नऊ वर्षं बघतेय. पिंट्याचं वजन 70 किलो, त्याला दिवसाला साधारण 1750 कॅलरी आणि शंभरेक ग्रॅम प्रोटीन लागतं, म्हणजे नुसत्या अंड्यांत मोजलं तर सतरा अंडी.

आणि सलाईन म्हणजे जेवण नव्हे, हे काकूला दोनदा सांग. साध्या सलाईनमधे मीठ-पाणी, कॅलरी शून्य. ग्लुकोजची अख्खी एक लिटरची बाटली लावली तरी त्यात 50 ग्रॅम साखर, 200 कॅलरीसुद्धा नाहीत.

दुसरं म्हणजे आतडं. आतड्याचं अस्तर त्याच्यावरून जाणाऱ्या अन्नावरच बरंचसं जगतं, रिकामं ठेवलं की ते पातळ पडतं आणि आतल्या जंतूंना अडवायची ताकद कमी होते. म्हणून 24 ते 48 तासांत फीड, म्हणजे नळीतून पातळ अन्न, सुरू करायचं असं आता सगळीकडे शिकवतात, अगदी तासाला 10-20 मिली का होईना. पिंट्याला पहिल्या रात्री दिलं नव्हतं, कारण बीपी फार खाली होतं आणि औषधाचा डोस वाढत होता, अशा वेळी आतड्यालाच रक्त कमी जातं, तेव्हा खायला घातलं तर आतडं खराब होऊ शकतं. बीपी स्थिरावल्यावर, तिसाव्या तासाला, 20 मिलीने सुरू केलं, आज 60 वर आहे.

ठसक्याचं काकूचं म्हणणं खोटं नाही, भीती खरीच आहे. म्हणून तर एक्सरेत नळी पोटात दिसल्याशिवाय थेंबही सोडत नाही, बेड डोक्याकडून कायम वर ठेवलेला असतो, पोट फुगतंय का, उलटी होतेय का हे बघत राहतो. आणि नळी नाकातून का नाही तर कवटीच्या तळाला फ्रॅक्चरचा संशय आहे, तिथे नाकातून नळी घालत नाहीत.

आता बाबा, हे तुमच्यासाठी. 2003 साली आजोबा गोठ्याच्या छपरावरून पडले तेव्हा मी दहावीत होते. तुम्ही रोज डब्यात पेज घेऊन एसटीने जायचात आणि रोज डॉक्टरांना विचारायचात की ह्यांच्या पोटात काहीतरी घाला हो, आणि रोज उत्तर यायचं, सलाईन चालू आहे ना. डबा तसाच परत यायचा. आठव्या दिवशी आजोबा गेले. तुम्ही आजही कधीतरी म्हणता, उपाशी गेला माझा बाप.

मी नर्सिंगला गेल्यावर वाचलं की 1992 मधेच मेम्फिसला पोटाला मार लागलेल्या 98 पेशंटांचा अभ्यास छापून आला होता, काहींना नळीने आतड्यात फीड दिलं, काहींना शिरेतून, तर आतड्यातून दिलेल्यांना न्यूमोनिया आणि पोटात पू होणं बरंच कमी झालं. म्हणजे आजोबांच्या अकरा वर्षं आधी. फीड दिलं असतं तर आजोबा वाचले असते असं मी म्हणणार नाही, त्यांचा मार मोठा होता आणि लवकर फीड दिलेला प्रत्येक जण वाचतो असंही नाही. पण तुमचा प्रश्न बरोबर होता बाबा. तुम्हाला तेव्हा अडाण्यासारखं गप्प बसवलं, ते चुकीचं होतं. हे तुम्हाला किती वर्षं सांगायचं होतं, काल पिंट्याचं फीड लावताना सारखे तुम्ही आणि तो डबाच डोळ्यासमोर येत होता.

काकूला सांग पेज, नारळपाणी काही आणू नको, त्याचं फीड मोजून येतं. आणि एक, आज पहाटे त्याला शी झाली. साफ करताना आम्ही दोघी सिस्टर एकमेकींकडे बघून हसलो, आतडी चालायला लागली त्याची. काकूला अजून बोलले नाहीये, आई तूच सांग तिला.

तुमची
ताई