मॅडम, तुम्ही मला आधी रिजेक्शनच्या टेबलावर बसवलंत

आदरणीय मॅडम,

तुमच्या कारखान्यातली इंटर्नशिप संपली तेव्हा गेटपास परत करता करता मी तुम्हाला घाईने 'थँक्यू' म्हटलं होतं. तुमच्याकडून नेमकं काय घेऊन निघाले आहे, हे तेव्हा मलाच पुरतं उमगलं नव्हतं. ते नोकरीला लागल्यावर, कामाच्या ओघात हळूहळू कळत गेलं. म्हणून आज सविस्तर लिहितेय. उघडपणे लिहितेय, कारण पहिल्या इंटर्नशिपला निघालेल्यांना आणि त्यांना हाताशी घेणाऱ्यांनाही यातलं काही उपयोगी पडावं अशी मनापासून इच्छा आहे.

आमच्या वर्गातल्या बऱ्याच जणांना कंपनीत गेल्यावर एक खुर्ची आणि जुन्या फायलींचा गठ्ठा मिळाला. काहींना भारदस्त नावाचा प्रोजेक्ट मिळाला, पण त्याच्या निकालाची वाट कुणीच पाहत नव्हतं. तुम्ही मला पहिल्याच सकाळी क्वालिटीच्या खोलीत, लाल टॅग लावलेल्या, म्हणजे तपासणीत नापास झालेल्या शाफ्टच्या (यंत्रातल्या गोल दांड्यांच्या) टेबलापाशी नेलंत. ड्रॉइंग समोर ठेवलंत आणि म्हणालात, "यातला प्रत्येक जॉब का नापास झाला ते शोध. संध्याकाळी लाइनवर जाऊन सांगायचंय." (जॉब म्हणजे मशीनवर घडवलेला एकेक तुकडा, आणि लाइन म्हणजे ते जिथे घडतात ती जागा.)

लाइनवर सांगायचंय, या दोन शब्दांनी सगळं बदललं. माझ्या उत्तराची कुणीतरी खरोखर वाट पाहणार होतं. इंटर्नला मोठं काम द्यायला हवं असं नाही. काम छोटं चालेल, पण ते कुणाला तरी हवं असलं पाहिजे. माझ्या मते इंटर्नशिप वाया जाते की कारणी लागते हे बहुतेक वेळा इथेच ठरतं, आणि ते इंटर्नच्या हुशारीपेक्षा काम देणाऱ्यावर जास्त अवलंबून असतं.

सुरुवात शेवटाकडून का केलीत, हे मात्र तेव्हा मला कळलं नव्हतं. नंतर मानववंशशास्त्रज्ञ जीन लेव्ह यांनी लायबेरियातल्या शिंप्यांकडे जाऊन केलेल्या अभ्यासाबद्दल वाचलं. एतिएन वेंगर यांच्याबरोबर १९९१ मध्ये त्यांनी उमेदवारीतून शिकण्याविषयी जी मांडणी केली, तिच्यात हे शिंपी आहेत. तिथे उमेदवारी करणारी मुलं आधी बटणं लावतात, कडा दुमडून शिवतात. मग कपडा शिवायला शिकतात आणि कापड बेतणं सगळ्यात शेवटी. कपडा तयार होतो त्याच्या अगदी उलट्या क्रमाने. बटण लावताना चूक झाली तर ती उसवता येते, कापड चुकीचं कापलं तर ते गेलंच. शिवाय पुरा झालेला कपडा रोज हातात घेतल्याने आधीची प्रत्येक पायरी कशासाठी आहे ते आपोआप दिसत जातं. हे वाचताना मला तुमचं टेबल आठवलं. तुम्हीही मला टेबलावरून मशीनपाशी आणि मशीनपासून ड्रॉइंगकडे असंच मागे मागे नेलं होतंत.

त्या शाफ्टची गोष्ट मी आजही नव्या सहकाऱ्यांना सांगते. व्यास ५० मिमी, आणि ड्रॉइंगप्रमाणे तो ४९.९७५ ते ५०.००० यांच्या मध्ये असायला हवा. म्हणजे टॉलरन्स, मापात चालणारा फरक, एकूण ०.०२५ मिमीचा. लाइनवर 'मोठा' म्हणून टॅग लावलेले काही जॉब आमच्या खोलीत मायक्रोमीटरवर, म्हणजे बारीक माप घेणाऱ्या उपकरणावर, चक्क पास होत होते. मी मायक्रोमीटरचा शून्य तपासला, मोजायची जागा बदलून पाहिली, तरी आकडे तेच. तुम्ही उत्तर सांगितलं नाहीत. "हा जॉब मोजला तेव्हा कसा होता, ते जाऊन बघ," एवढंच म्हणालात आणि मला शाफ्ट कातणाऱ्या लेथ मशीनजवळ उभं केलंत. टोयोटाचे ताइइची ओनो माणसाला जमिनीवर खडूने काढलेल्या वर्तुळात उभं करून नुसतं पाहायला लावायचे, असं सांगतात. तुम्ही वर्तुळ काढलं नव्हतंत, पण "हातात काही घेऊ नकोस, फक्त बघ" ही तुमची अट तशीच होती.

पाहिल्यावर कळलं की जॉब मशीनमधून निघाल्या निघाल्या, हाताला कोमट लागत असतानाच मोजला जात होता. पोलाद तापलं की प्रसरण पावतं, हे शाळेपासून पाठ होतं. दर अंशाला एका मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग), हा आकडा परीक्षेत लिहिलाही होता. पण ५० मिमीचा शाफ्ट २० अंशांनी गरम असला तर तो ०.०११ मिमीच्या आसपास फुगतो, आणि तो फुगवटा ड्रॉइंगने दिलेल्या टॉलरन्सचा जवळजवळ निम्मा भाग खाऊन टाकतो, हा हिशेब मी पहिल्यांदा मशीनपाशी उभी राहून केला. लांबी-रुंदीची मापं २० अंश सेल्सिअसला धरायची, हे आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने १९५१ मध्ये आपल्या अगदी पहिल्या शिफारशीत का ठरवलं असेल, तेही त्या दिवशी उमजलं. आणि उलट बाजू जास्त धोक्याची होती. गरम असताना खालच्या मर्यादेला जेमतेम पास झालेला जॉब थंड झाल्यावर लहान भरणार, आणि त्याला लाल टॅग लागलेलाच नसणार.

मी धावत येऊन म्हटलं, "मॅडम, थंड झाल्यावरच मोजायला सांगू या." तुम्ही मला पुन्हा लाइनवर पाठवलंत. "ते गरम का मोजतात, हे आधी काकांना विचार. तपासायला जाऊ नकोस, शिकायला जा." सीनियर ऑपरेटर काकांनी जे सांगितलं ते कुठल्याही वर्गात मिळालं नसतं. माप लगेच घेतलं नाही तर टूलचं ऑफसेट (टूल कुठवर कापणार याचं मशीनला दिलेलं माप) दुरुस्त करायला उशीर होतो, आणि जॉब थंड होईपर्यंत पुढचे कितीतरी जॉब चुकीच्या मापाचे निघून जातात. म्हणून ते गरमच मोजत, आणि हाताच्या अंदाजाने मनातल्या मनात मिमीचा एक शतांश वजा करत. नव्या ऑपरेटरना हा अंदाज नव्हता. लाल टॅग त्यांच्या शिफ्टमध्ये वाढत होते.

पुढचं काम त्यामुळे आपोआप ठरलं. जॉबवर नंबर घालून प्रत्येकाचं गरम आणि थंड, दोन्ही वेळचं माप टिपायचं, फरकाचा तक्ता करून मशीनशेजारी लावायचा, आणि शेवटचा पास-नापास निर्णय मात्र थंड मापावरच घ्यायचा. तो तक्ता मी मांडला, पण त्यातलं ज्ञान काकांचं होतं. शेवटच्या सादरीकरणात त्यांचं नाव पहिल्या पानावर घालायला तुम्ही लावलंत. ते सादरीकरणही आधी शिफ्टच्या लोकांपुढे केलं आणि मग व्यवस्थापनापुढे. या क्रमासाठी तुमचे विशेष आभार. लाइनवरच्या लोकांनी विचारलेले प्रश्न वरच्या मजल्यावरच्या प्रश्नांपेक्षा कितीतरी अवघड होते.

प्रश्न कसा विचारायचा, हेही तुमच्याकडेच शिकले. सुरुवातीला मी अडले की तुमच्या दारात येऊन उभी राहायचे. तुम्ही कधी कंटाळला नाहीत, पण एक शिस्त लावून दिलीत: काय पाहिलं, काय करून पाहिलं आणि तुझा अंदाज काय, हे आधी कागदावर लिही आणि मग ये. निम्मे प्रश्न लिहितानाच सुटत. उरलेल्यांवर तुम्ही मन लावून बोलायचात, कारण मी कुठवर पोहोचले आहे ते तुम्हाला कागदावर दिसत असे. इंटर्नशिपला जाणाऱ्या प्रत्येकाला मी आवर्जून सांगते की गप्प बसून दिवस घालवू नका, आणि रिकाम्या हातांनी विचारायलाही जाऊ नका.

रोज संध्याकाळी वहीत दिवसाचं काम लिहायचं आणि शुक्रवारी ती वही घेऊन तुमच्याशी अर्धा तास बोलायचं, हा नेमही तुमचाच. ऑडिटच्या धावपळीतही तुम्ही ती वेळ मोडली नाहीत. त्या अर्ध्या तासात कौतुक कमी आणि "पुढच्या आठवड्यात काय वेगळं करशील?" हे जास्त असे. पुढे मुलाखतीत 'इंटर्नशिपमध्ये काय केलंस?' असं विचारलं तेव्हा मला काही आठवावं लागलं नाही. वहीत सगळं होतं.

कॉलेजच्या रिपोर्टविषयी तुम्ही जे बजावलं होतंत तेही इथे लिहिते, कारण अनेकांना ते फार उशिरा कळतं. कंपनीचं ड्रॉइंग, ग्राहकाचं नाव, लाइनचे फोटो, यातलं काहीही लेखी परवानगीशिवाय रिपोर्टमध्ये घालायचं नाही. परवानगी पहिल्या आठवड्यातच मागायची, शेवटच्या दिवशी नाही. काय चालेल आणि काय नाही, हे तुम्ही माझ्याबरोबर बसून पानापानावर ठरवलंत.

आणि वेळेवर घरी पाठवायचात, त्याबद्दलही आभार. शिकायला आलेल्या मुलीला रात्रीपर्यंत बसवून फुकटात काम काढून घेणं तुम्हाला सहज जमलं असतं. तुम्ही ते कधी केलं नाहीत, आणि इतर कुणाला करूही दिलं नाहीत.

आता मी डिझाइन विभागात आहे. ज्या ड्रॉइंगकडे तुम्ही मला सगळ्यात शेवटी आणलंत, तेच आज माझं रोजचं काम आहे. टॉलरन्स लिहिताना तो कोण, कधी आणि कशा अवस्थेत मोजणार आहे, याचा विचार केल्याशिवाय हात पुढे जात नाही. ही सवय तुमची देणगी आहे.

पुढच्या महिन्यात माझ्याकडे पहिल्यांदाच एक इंटर्न येणार आहे. त्याच्या पहिल्या पंधरवड्याचं काम मी आखलंय आणि ते सोबत तुम्हाला पाठवतेय. एका ठिकाणी अडलेय. आमच्या विभागात रिजेक्शनचं टेबल नाही. उत्पादनाकडून आणि ग्राहकांकडून ड्रॉइंगविषयी आलेल्या शंका मात्र फाइल करून ठेवलेल्या असतात. त्याला आधी ती फाइल देऊन प्रत्येक शंकेचं मूळ शोधायला सांगावं आणि उत्तर शंका विचारणाऱ्यालाच द्यायला लावावं, असा माझा विचार आहे. की त्याही आधी काही दिवस लाइनवर उभं करू? तुम्हाला काय वाटतं, ते सवडीने नक्की कळवा.

तुमची,
एक जुनी इंटर्न