कॅमेरा बदलायचाय, पण पैसे बेताचेच

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत फोटोग्राफीवर जे येतं ते मी आवडीने वाचतो, पण एक तक्रार आहे, त्यातला कॅमेरा कधी साठ-सत्तर हजारांच्या खाली उतरतच नाही. आमच्यासारख्यांनी नुसते फोटोच बघायचे का?

माझ्याकडे बरीच वर्षं खिशात मावणारा छोटा डिजिटल कॅमेरा होता. दिवसा मस्त, सकाळी सिरपूर तलावावर गेलं की झूम करून बगळासुद्धा बरा यायचा, पण अनंत चतुर्दशीच्या रात्री इंदुरात जेल रोडवर झाँकी (मिलवाल्यांचे रोषणाईचे चित्ररथ) बघायला उभं राहिलं की सगळं मुसळ केरात. फ्लॅश मारला तर पुढच्या माणसाचं टक्कल चमकायचं आणि मागची झाँकी काळीठिक्कर, फ्लॅश बंद केला तर दिव्यांच्या नुसत्या रेघा. वडील हुकुमचंद मिलमध्ये होते, मिल १९९१ मध्ये बंद पडली तरी झाँकी निघत राहिली, ती एकदा तरी धड फोटोत यावी एवढीच माझी हौस.

अडचण सेन्सरची, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड टिपणाऱ्या चिपची असते, मेगापिक्सेलची नाही. त्या छोट्या कॅमेऱ्यांचा सेन्सर साधारण ६ बाय ४.५ मिलिमीटर, करंगळीच्या नखापेक्षा लहान, आणि अगदी साध्या डीएसएलआरचा (लेन्स बदलता येणाऱ्या मोठ्या कॅमेऱ्याचा) २३ बाय १५, म्हणजे जागा जवळजवळ बारापट. म्हणून मी सेकंडहँड निकॉन डी३१०० घेतला, २०१० चं मॉडेल, १४ मेगापिक्सेल. मुलगा म्हणाला, बाबा माझा मोबाईल यापेक्षा जास्तचा आहे. म्हटलं असू दे.

पण खरी फजिती पुढे झाली. सोबत आलेली १८-५५ लेन्स पूर्ण झूम केली की एफ ५.६ च्या खाली जात नाही (हा एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त), रात्री तिचाही जीव तेवढाच. मग एका दुकानदाराकडून जुनी ५० एमएम एफ १.८ डी आणली, ही जवळपास दहापट उजेड आत घेते, जिथे शटर एक दशांश सेकंद उघडं ठेवावं लागायचं तिथे एक शतांश चालतं. दुकानदार म्हणाला डोळे मिटून घ्या साहेब. घरी येऊन लावली तर स्क्रीनवर एफईई असा एरर, फोटोच निघेना. तासभर डोकं खाजवल्यावर कळलं की लेन्सवरची रिंग २२ वर लॉक करायची असते. ते झालं तर ऑटोफोकस नाही! डी३१०० च्या बॉडीत, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्यात, फोकसची मोटरच नाही आणि या डी लेन्समध्येही नाही, आत मोटर असलेली, एएफ-एस लिहिलेली घ्यायला हवी होती, हे विकणाऱ्याला ठाऊक नसेल असं मला तरी वाटत नाही. कॅननवाल्यांना हा ताप नाही, त्यांच्या ईएफ लेन्समध्ये मोटर असतेच.

तर विनंती अशी की जुना कॅमेरा घेताना काय बघायचं यावर अर्धा कॉलम तरी द्या. लेन्स उजेडासमोर धरून आत बुरशीची जाळी आहे का ते कसं बघायचं, शटर किती वेळा पडलंय ते कसं काढायचं (निकॉनच्या फोटोच्या फाइलमध्येच तो आकडा असतो), कुठली लेन्स कुठल्या बॉडीवर चालते. आणि कृपा करून लिहा की बॉडी जुनी चालेल, पैसे उरले तर लेन्सवर घाला, मी उलटं करून बसलो असतो.

आता मी हातानेच फोकस करतो, व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका स्थिर झाला की बटण दाबायचं. झाँकी रेंगाळत जाते, थांबते, त्यामुळे ती जमली, मिलची पण. पुढचे आखाडेवाले काही जमले नाहीत, पोरं लाठी फिरवतात ती ठिपक्याची वाट थोडीच बघणार. कुणा वाचकाकडे ३५ एमएम एफ १.८ एएफ-एस पडून असेल तर माझी ५० ची घेऊन वर थोडे पैसे चालतील का?

आपला एक वाचक,
रामबाग, इंदूर