बीबीएसचं टपाल आणि गळून पडणारा बाइट

महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत संगणकांमधल्या संदेशवहनाच्या इतिहासावर आलेला लेख आवडीनं वाचला. ई-मेल आणि मोबाइलवरच्या मेसेजिंगबद्दल त्यात भरपूर माहिती आहे. डायल-अप बीबीएस, म्हणजे फोन लाइनवर चालणारे बुलेटिन बोर्ड, मात्र एका वाक्यात उरकले आहेत, तेही हौशी लोकांचा विरंगुळा म्हणून. मी त्या काळात एका बीबीएससाठी संदेशांची ने-आण करणारी युटिलिटी, म्हणजे छोटा मदतनीस प्रोग्रॅम, लिहिली आणि पुढे बरीच वर्षं सांभाळली. तो विरंगुळा नव्हता. त्या कामात जे प्रश्न समोर आले, तेच आजच्या प्रत्येक मेसेजिंग ॲपच्या पोटात आहेत. ते प्रश्न शिकायला त्याहून चांगली जागा मला अजून सापडलेली नाही. म्हणून हे पत्र, थोडं लांबलं तरी.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगते. वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी सूस यांनी शिकागोत १६ फेब्रुवारी १९७८ रोजी पहिला सार्वजनिक बीबीएस सुरू केला. एक संगणक, त्याला फोनशी जोडणारा एक मोडेम, एक फोन लाइन. एका वेळी एकानं फोन लावायचा, वाचायचं, लिहायचं, फोन ठेवायचा. मग दुसऱ्याची पाळी. एका बोर्डावरचा मजकूर दुसऱ्यावर जायला वाट नव्हती. ती १९८४ साली टॉम जेनिंग्ज यांनी काढली. सॅन फ्रान्सिस्कोतला त्यांचा संगणक आणि बाल्टिमोरमधला जॉन मॅडिल यांचा संगणक रात्री, फोनचे दर उतरल्यावर, आपणहून एकमेकांना फोन लावून पत्रांची देवाणघेवाण करू लागले. हेच फिडोनेट. जेफ रश यांनी १९८६च्या सुमारास त्यात एकोमेलची भर घातली, म्हणजे एका बोर्डावर लिहिलेला जाहीर संदेश त्या विषयात सहभागी असलेल्या सगळ्या बोर्डांवर उमटू लागला. नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत या जाळ्यात तीस हजारांहून जास्त बोर्ड होते. त्याला मध्यवर्ती सर्व्हर नव्हता, आणि मालकही नव्हता.

लोकांना त्या काळातला मोडेमचा आवाज तेवढा आठवतो. पण फोन लागून फाइल पलीकडे पोचली की खरं काम सुरू व्हायचं. फोन लावणारा प्रोग्रॅम मेलर. आलेली गाठोडी सोडून प्रत्येक संदेश योग्य कप्प्यात टाकणारा टॉसर. नवे संदेश वेचून बाहेर जाणारं गाठोडं बांधणारा स्कॅनर. मी लिहिला तो टॉसर आणि स्कॅनर. गाठोड्यातल्या पॅकेट फाइलच्या सुरुवातीला ५८ बाइटांचा मथळा (बाइट म्हणजे ० ते २५५ मधला एक आकडा; अक्षरं संगणकात अशाच आकड्यांनी साठवलेली असतात): कुठून आलं, कुठे जायचं, तारीख, आठ अक्षरांपर्यंतचा पासवर्ड. त्यापुढे एकामागून एक संदेश. नावाला ३६ बाइट, विषयाला ७२. कागदावर बघाल तर एका दुपारचं काम वाटेल.

एकच संदेश दोन वाटांनी आला तर काय करायचं, इथून अडचणी सुरू होतात. तीन बोर्ड एकमेकांना जोडले गेले की वर्तुळ तयार होतं आणि संदेश त्यात फिरत राहतो; प्रत्येक फेरीत फोनचं बिल कोणीतरी खिशातून भरत असतं. म्हणून प्रत्येक जाहीर संदेशाच्या तळाशी तो कोणाकोणापर्यंत पोचला आहे त्या बोर्डांची यादी चिकटवलेली असायची. ती वाचूनच पुढे कोणाला पाठवायचा हे टॉसर ठरवायचा. पुढे १९९१च्या सुमारास प्रत्येक संदेशाला स्वतःचा क्रमांक देण्याचा नियम आला, आणि एकदा वापरलेला क्रमांक त्या बोर्डानं तीन वर्षं पुन्हा वापरायचा नाही असं त्यात स्पष्ट म्हटलं होतं. मला हा नियम फार शहाणपणाचा वाटतो. जाळ्यातला एखादा बोर्ड महिनोन्‌महिने बंद पडेल, मग जागा होऊन जुनं गाठोडं पुढे ढकलेल, हे ज्यानं डोळ्यांनी पाहिलंय त्याच्याच हातून असा नियम लिहिला जातो.

दुसरी गोष्ट तर कोणाच्या नजरेतही यायची नाही. गाठोडं पाठवून झालं की ती फाइल पुसून टाकावी असं कोणालाही वाटेल. जाणते मेलर ती पुसत नसत, शून्य बाइटांची करून ठेवत. कारण गाठोड्याच्या नावाच्या शेवटी वाराची इंग्रजी अक्षरं आणि एक अंक असे. फाइल पुसली, तर त्याच दिवशी बांधलेलं पुढचं गाठोडं तेच नाव घेऊन बाहेर पडणार. पलीकडच्याकडे त्या नावाची जुनी फाइल अजून सोडवायची राहिली असेल, तर नवी तिच्यावर बसेल, किंवा ही आपल्याकडे आधीच आलेली आहे असं समजून नाकारली जाईल. दोन्हीकडून कोणाची तरी पत्रं बुडाली. रिकामी फाइल जागेवर राहिली की पुढच्या गाठोड्याला पुढचा अंक मिळतो. माझ्या युटिलिटीतही हेच धोरण मी अंगात भिनवलं होतं: नवं डिस्कवर नीट लिहिलं गेलं याची खात्री होईपर्यंत जुन्याला हात लावायचा नाही. मधेच वीज गेली तर एखादा संदेश दोनदा दिसेल, पण हरवणार नाही. दोनदा आलेला ओळखून गाळता येतो, हरवलेला कुठून आणणार?

आता मजकुराबद्दल, कारण माझा जीव सगळ्यात जास्त तिथे अडकला आहे. फिडोनेटच्या मूळ तांत्रिक नियमांत, एफटीएस-०००१ मध्ये, एक बारीक कलम आहे: १४१ हा बाइट दिसला तर त्याकडे दुर्लक्ष करा. ओळ संपल्याची खूण १३. मजकूर लिहायच्या प्रोग्रॅमनं आपल्या सोयीनं ओळ मोडली, तर ती खरी नव्हे हे कळावं म्हणून त्यात १२८ मिळवत, झाले १४१. इंग्रजीत तो बाइट एरवी लागतच नाही, त्यामुळे कोणाचंच काही अडलं नाही. पण रशियन लोक वापरत त्या ८६६ क्रमांकाच्या कोड पेजमध्ये, म्हणजे कोणता आकडा कोणतं अक्षर याच्या तक्त्यात, १४१ म्हणजे त्यांचं Н-सारखं दिसणारं, न उच्चाराचं अक्षर. शब्दाशब्दांतून ते गळायला लागलं. शेवटी रशियन वापरकर्ते त्या जागी तसंच दिसणारं रोमन अक्षर टाकू लागले.

आणि मराठीचं? आपल्या हलन्ताचे यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांना सामावणारं युनिकोड बाइटांत लिहिण्याच्या आजच्या पद्धतीत, तीन बाइट होतात: २२४, १६५, १४१. शेवटचा नेमका तोच. फिडोनेट आजही इंटरनेटवरून चालू आहे, म्हणून अलीकडे मी माझी जुनी युटिलिटी बाहेर काढली आणि एक मराठी पत्र तिच्यातून पाठवून पाहिलं. 'पुस्तक' मधला स आणि त सुटे झाले, मध्ये चौकोनी खूण उभी राहिली. मराठीत जोडाक्षराशिवाय एक परिच्छेद लिहून पाहा, म्हणजे पत्राची काय दशा झाली ते कळेल. आता मजकुराच्या वरच्या खुणेत यूटीएफ-८ असं लिहिलेलं असेल, तर माझा प्रोग्रॅम १४१ला हात लावत नाही. पण वाटेतल्या प्रत्येक बोर्डाच्या प्रोग्रॅमला हे कळायला हवं, नाहीतर व्यर्थ.

संदेश एकदम उतरवून घेऊन फोन ठेवल्यावर वाचण्यासाठी क्यूडब्ल्यूके नावाचा जो साचा होता, त्याचंही असंच. त्यात १२८ बाइटांचे ठोकळे, नाव आणि विषयाला प्रत्येकी २५ अक्षरं, आणि ओळ संपल्याची खूण २२७. युनिकोडच्या आधी आपल्याकडे भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचा तसाच तक्ता होता, १९९१चं भारतीय मानक १३१९४. त्यात २२७ म्हणजे अर्धचंद्राची मात्रा. म्हणजे 'कॅमेरा' लिहिलं की 'क' एका ओळीत आणि 'मेरा' खालच्या ओळीत. हा साचा बनवणाऱ्यांना मी दोष देत नाही, त्यांच्यासमोर त्यांची भाषा होती. पण पत्र पोचवणाऱ्यानं पत्रातली अक्षरं आपल्या सोयीसाठी वापरून घेतली की ती कोणाच्या तरी लिपीतून काढूनच घेतलेली असतात. पोस्टमननं पाकीट बांधायला पत्राचाच कोपरा फाडावा, तसं ते आहे. साध्या इंग्रजी मजकुराचंही नुकसान व्हायचंच: ७२ बाइटांचा विषय २५ मध्ये कापला जायचा, उत्तर परत यायचं ते कापलेल्या विषयासह, आणि मूळ चर्चेशी त्याचा धागा जुळवायचं काम पुन्हा आमच्या युटिलिटीवर. मी मूळ विषय बाजूला जपून ठेवायचे आणि उत्तर आलं की परत लावायचे. वापरणाऱ्याला याचा पत्ता लागायचा नाही, आणि तो लागू नये हेच बरोबर होतं.

संगणकशास्त्र शिकवणाऱ्या प्राध्यापकांना माझं एक सांगणं आहे. चॅट ॲपचे तेच ते प्रोजेक्ट करून घेण्याऐवजी विद्यार्थ्यांना एक टॉसर लिहायला द्या. नियमांचा दस्तऐवज छोटा आहे, मोफत मिळतो. पॅकेट बाइट-बाइट उघडून बघता येतं. मग त्यांच्या प्रोग्रॅमला एकच पॅकेट दोनदा द्या, काम अर्ध्यावर असताना संगणक बंद करा, तीन बोर्डांचं वर्तुळ करून त्यात संदेश सोडा, आणि ज्ञानेश्वरीच्या चार ओव्या पाठवून त्या पलीकडे जशाच्या तशा उतरतात का पाहा. तयार लायब्ररी जोडून हे शिकता येत नाही, कारण लायब्ररीनं ते सगळं आधीच झाकून टाकलेलं असतं.

आणि आपल्याला एक विनंती. या लेखमालेचा पुढचा भाग येणार असेल, तर या प्रोग्रॅमांना त्यात जागा द्या. ज्या वाचकांकडे त्या काळातल्या युटिलिटींचे सोर्स कोड किंवा माहितीपत्रकं फ्लॉपीवर पडून असतील, त्यांनी त्यांच्या प्रती आत्ताच काढून घ्याव्यात. फ्लॉपी फार काळ वाचण्याजोग्या राहत नाहीत. कोड अपुरा असेल, त्यात टिपा नसतील, तरी चालेल. माझ्या युटिलिटीचा संपूर्ण कोड मी कोणालाही द्यायला तयार आहे.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रोग्रॅमर